भूतदयेला विवेकाची दोरी

चैत्र शुद्ध प्रतिपदा! साडेतीन मुहूर्तांतील हा एक पूर्ण मुहूर्त. पहाटे अभ्यंगस्नान होते, अंगणात सडा-रांगोळी पडते, दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण लागते आणि वेळूच्या काठीवर रेशमी वस्त्र, साखरेची गाठी व कडुनिंबाचा डहाळा लेवून गुढी डौलाने उभी राहते. पण नववर्षाचा पहिला घास आपल्या पूर्वजांनी श्रीखंडाचा ठेवला नाही, कडुनिंबाचा ठेवला. कोवळा पाला, गूळ, जिरे, ओवा, हिंग आणि मीठ यांची ती चिमूटभर चटणी जिभेवर ठेवल्यावाचून सण सुरू होत नाही. गोडाच्या आधी कडू स्वीकारावे, ते पचवावे आणि त्यातून आरोग्य मिळवावे, हाच त्या प्रथेचा अर्थ. आजच्या मंगल दिवशी वाचकांपुढे ठेवावयाचा विषयही त्या पाल्यासारखाच आहे. चवीला कडू, परंतु घराच्या हिताचा.

ही हकीगत शके १९४६ च्या पाडव्याची, म्हणजे ९ एप्रिल २०२४ ची. स्थळ नेवासे तालुक्यातील वाकडी हे गाव. जिल्ह्याचे नाव तेव्हा अहमदनगर होते, त्याच वर्षी ते अहिल्यानगर झाले. गावातील एका पडक्या विहिरीचा उपयोग गोबरगॅसच्या शेणाच्या खड्ड्यासारखा केला जात होता. त्या विहिरीत एक मांजर पडले. त्या मुक्या जिवाला वाचवावे म्हणून एक जण आत उतरला, तो वर आला नाही. त्याला काढावयास दुसरा गेला, दुसऱ्यासाठी तिसरा. असे एकामागून एक सहा जण त्या विहिरीत उतरले. पाच जणांचे निष्प्राण देह वर आले. सहावा वाचला. त्याने उतरण्यापूर्वी आपल्या कमरेला दोर बांधला होता.

सणाच्या दिवशी त्या घरावर जो वज्राघात झाला, त्याचे वर्णन करण्याचे धारिष्ट शब्दांना नाही. घटनेनंतर पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, आणि काहींच्या मुखातून असेही उद्गार निघाले असतील, की एका मांजरापायी पाच माणसे गेली, हा केवढा अविचार! परंतु क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. पहिला मनुष्य मांजराच्या आकांताने कळवळून उतरला, आणि त्याच्या मागचे चौघे तर माणसासाठी, आपल्याच माणसासाठी उतरले. त्यांच्या अंतःकरणात जे होते त्याला अविचार म्हणता येणार नाही. ती शुद्ध भूतदया होती, ते शुद्ध प्रेम होते. उणीव भासली ती एका माहितीची. त्या अंधारात पाणी किंवा चिखल नव्हे, तर डोळ्यांना न दिसणारे विष दबा धरून बसलेले असते, ही ती माहिती.

ज्या नेवाशात श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, गीतेवरील आपली टीका पूर्ण केली, त्याच तालुक्यातील हे गाव. तेथील खांबाला टेकून माउलींनी ग्रंथ सांगितला, असे परंपरा सांगते, आणि त्या खांबाच्या दर्शनासाठी आजही भाविकांची रीघ लागते. ग्रंथाच्या शेवटी माउलींनी जे पसायदान मागितले, त्यात सर्व प्राणिमात्रांत जिवाभावाचे सख्य जुळावे, हे मागणे आहे. मांजरासाठी विहिरीत उतरणारे हात त्याच संस्कारात वाढलेले होते. म्हणून त्यांचे स्मरण करताना दयेला बोल न लावता तिच्या हाती ज्ञानाचा दिवा द्यावा आणि तिच्या कमरेला विवेकाची दोरी बांधावी, हेच योग्य होय.

खड्ड्यातील अदृश्य काळ

शेण, मूत्र, उष्टे-खरकटे बंदिस्त जागी कुजू लागले की त्यातून अनेक वायू निर्माण होतात. त्यांतील मिथेन आपण चुलीवर जाळतो. परंतु त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड हेही निपजतात. हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असल्यामुळे खड्ड्याच्या तळाशी साचतो. आरंभी त्याला कुजक्या अंड्यासारखा दर्प येतो खरा, परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो प्रथम नाकाची गंध ओळखण्याची शक्तीच बधिर करून टाकतो. आत उतरणाऱ्याला वाटते, घाण वास थांबला, आता भय नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी मृत्यू जवळ आलेला असतो. प्रमाण फार असल्यास दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते. वर धरलेली साय पायाने फुटली किंवा शेणकाला ढवळला गेला, तर आत कोंडलेला वायू एकदम उसळून बाहेर येतो.

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी दिवा किंवा कंदील सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे होती. दिवा विझला तर खाली प्राणवायू नाही, एवढे त्यावरून कळत असे. गोबरगॅसच्या खड्ड्यात मात्र ही रीत घातक आहे. मिथेन ज्वालाग्राही असल्याने तेथे स्फोट होऊ शकतो, आणि दिवा तेवत राहिला तरी जीव घेण्याइतका विषारी वायू तेथे नाही, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

म्हणून हा नियम घराघरांत लहानथोरांनी पाठ करावा: शेणाच्या खड्ड्यात, बंद टाकीत वा पडक्या विहिरीत जीव पडला, तर मग तो मांजराचा असो की माणसाचा, आपण आत उतरावयाचे नाही. मांजरासाठी दोर बांधलेली टोपली खाली सोडावी, किंवा गोणपाट गुंडाळलेली लांब फळी, बांबू अथवा शिडी तिरपी टेकवावी. मांजर जातीचेच चढणारे. नख्या रुतावयास आधार मिळाला तर पुष्कळदा ते आपल्या पायांनी वर येते. हे सारे काठापासून जपून, तोंड खड्ड्यावर न वाकवता करावे. माणूस पडला असेल तर तत्काळ ११२ या क्रमांकाला हाक द्यावी, अग्निशामक दलास बोलवावे. श्वसनाची साधने असलेले शिकलेले लोकच आत उतरोत. कमरेचा दोर हा शेवटचा आधार आहे, उतरण्याचा परवाना नव्हे. वाकडीत एक जीव त्या दोराने राखला, पण दोर श्वास पुरवू शकत नाही.

याहून मोठे पुण्य मात्र त्या खड्ड्यावर आधीच झाकण घालण्यात आहे. पडक्या विहिरीला कठडा आणि लोखंडी जाळी बसवावी. ज्या विहिरीचा कधीच उपयोग होणार नाही ती बुजवावी. नववर्षाचा संकल्प करावयाचा असेल तर याहून उत्तम संकल्प शेतकऱ्याच्या घरी दुसरा नाही.

साठवणीच्या दिवसांतील विष

पाडव्याच्या सुमारास रब्बीचा गहू, हरभरा, ज्वारी घरात येते. धान्य उन्हात वाळवून कणगीत, कोठीत भरले जाते. पूर्वी आपल्या आजीबाई त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालीत, चुलीतील राख चोळीत. आता कित्येक घरांत त्याऐवजी धान्यात टाकावयाच्या विषारी गोळ्या येतात. या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन नावाचा अत्यंत विषारी वायू निघतो आणि तोही हवेहून जड असतो. ही गोळी प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, वस्तीपासून दूर असलेल्या बंद कोठारात वापरावयाची आहे. ज्या खोलीत मुले झोपतात आणि मांजर कणगीच्या आडोशाला पिले घालते, त्या खोलीत तिला थारा देऊ नये.

उंदरांच्या औषधाची गोष्ट याहून नाजूक आहे. कणगीपाशी उंदीर आले की पिठाच्या गोळीत काळी भुकटी मिसळून ठेवतात. ही भुकटी बहुधा झिंक फॉस्फाइडची असते आणि पोटातील आम्लाशी तिचा संयोग होताच तोच फॉस्फीन वायू तयार होतो. दुसरे औषध ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचे. ते रक्त गोठण्याची क्रियाच बंद पाडते. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्तावतो, उघड्यावर रेंगाळतो आणि मांजराच्या तावडीत सहज सापडतो. अशा रीतीने आपण उंदरासाठी ठेवलेले विष आपल्याच मनीच्या पोटात जाते. तिच्यावर परिणाम दिसावयास दोन-चार दिवस लागतात: हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून वा मूत्रातून रक्त येते, श्वास जड होतो. तोपर्यंत घरातील कोणाला विषाची आठवणही उरलेली नसते.

मांजर मारल्याचे पाप काशीला सोन्याचे मांजर दान केल्यावाचून फिटत नाही, अशी समजूत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. जाणूनबुजून मांजर मारणारा मनुष्य विरळा. पण मांजर डोळे मिटून दूध पिते, तसे आपणही डोळे मिटूनच घरात विष ठेवतो, ते आपल्या ध्यानात येत नाही. उंदरांचा उपद्रव असेल तर पिंजरा लावावा, धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे, भिंतीतील बिळे बुजवावीत. विष वापरणे अगदीच अपरिहार्य ठरले, तर ते मांजराला न शिरता येईल अशा बंद पेटीत ठेवावे आणि मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरावेत. मुख्य म्हणजे, ज्या घरी मांजर आहे त्या घराने उंदीर मारण्याचे काम आधी तिच्यावर सोपवावे. एकाच घरात मांजर आणि उंदराचे विष या दोघांना नांदविणे उचित नाही.

मांजराचे शरीर वेगळे

माणसाला जे औषध ते मांजराला विष, असे अनेकदा होते. याचे कारण तिच्या यकृतात आहे. काही द्रव्ये निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची जी शक्ती मनुष्याच्या यकृतात असते, ती मांजरात फारच अल्प असते. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचाही प्राण घेऊ शकते. तिच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नाहीशी होते, हिरड्या तपकिरी-निळसर दिसू लागतात, तोंड व पंजे सुजतात. म्हणून मांजर मलूल दिसले की मायेपोटी आपल्या डब्यातील गोळी कुटून दुधातून देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

फिनेलचेही तसेच. सणाआधी घर धुऊन निघते, फरशीवर काळे वा पांढरे फिनेल फिरते. ओल्या फरशीवरून मांजर चालते, मग एका कोपऱ्यात बसून पंजे चाटून स्वच्छ करते. तिचा हा स्वच्छतेचा नेमच तिच्या जिवावर उठतो, कारण फिनेलमधील फिनॉलसारखी द्रव्ये तिच्या यकृताला आवरत नाहीत. फिनेल वापरल्यास फरशी पुन्हा साध्या पाण्याने पुसावी आणि पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नये. रंग, टर्पेंटाइन, रॉकेल यांचे डबे उघडे ठेवू नयेत. अंगाला रंग लागला तर तो टर्पेंटाइनने काढू नये. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधील गोडसर पाण्यात इथिलीन ग्लायकॉल असते. त्याचा चमचाभर अंशही मांजराचे मूत्रपिंड निकामी करू शकतो. तेव्हा ते सांडले तर लगेच माती टाकून पुसून घ्यावे.

गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या पाठीवर सोडावयाचे थेंब अनेक घरांत असतात. त्यांत पर्मेथ्रिन असेल तर ते मांजराला कदापि लावू नये. त्याने तिला झटके येतात, अंग थरथरते आणि प्राणही जातो. कुत्र्याचे औषध कुत्र्यालाच!

देवघरातील सावधानता

आता एक गोष्ट भाविक मनाने ऐकावी. देवाला प्रिय असलेली सर्वच पत्री-पुष्पे खाण्यास निरुपद्रवी नसतात. शंकराला वाहावयाचा धोत्रा, देवपूजेतील कण्हेर, मारुतीच्या गळ्यातील रुईची माळ, ही तिन्ही विषारी झाडे आहेत. कण्हेरीचे पान हृदयाची गती बिघडविते. पूजेत त्यांचे स्थान अढळ आहे आणि ते तसेच राहावे. परंतु निर्माल्य कोपऱ्यात साठू न देता ताबडतोब झाकणाच्या पात्रात ठेवावे. फुलदाणीत अलीकडे लिली सर्रास दिसते. तिच्या काही जातींचे पान, पाकळी, अंगावर पडलेला पराग, एवढेच काय, फुलदाणीतील पाणीही मांजराचे मूत्रपिंड बंद पाडते. ज्या घरी मांजर आहे तेथे झेंडू, मोगरा आणि गुलाब यांनीच मखर सजवावे. आरतीचा कापूर डबीत बंद करावा, आणि कपड्यांच्या पेटीतील डांबराच्या गोळ्या मोकळ्या पडू देऊ नयेत. कडुनिंबाचा पाला आपल्याला हितकर म्हणून त्याचे तीव्र तेलही पशुवैद्याला विचारल्याखेरीज मांजराच्या अंगाला चोळू नये.

विष पोटात गेलेच तर

मांजराच्या तोंडाला फेस येऊ लागला, ते लटपटू लागले, झटके आले, किंवा कोपऱ्यात तोंड खुपसून निपचित पडले, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. दूध, तूप, तेल किंवा मिठाचे पाणी पाजू नये. काही विषे स्निग्धाबरोबर अधिक वेगाने अंगात भिनतात आणि मिठाचे पाणी स्वतःच घातक ठरते. बळेच ओकारी काढू नये. अंगाला काही लागले असेल तर ते धुवावे, मांजराला कापडात गुंडाळावे, विषाची पुडी, डबा वा चघळलेले पान बरोबर घ्यावे आणि तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, ब्रोमॅडिओलोनवर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. मात्र ते देणे हे वैद्याचे काम, आणि ते वेळेवर झाले तरच. उंदराचे काळे औषध खाऊन मांजर ओकले असेल, तर त्या ओकारीतूनही विषारी वायू निघतो. खिडक्या-दारे उघडावीत आणि मुलांना दूर न्यावे.

दया डोळस व्हावी

याच जिल्ह्यातील शिर्डीची एक कथा साईसच्चरितात आली आहे. जेवणाची पाने वाढली जात असताना भुकेने केविलवाणे ओरडणारे एक कुत्रे दाराशी आले. एका भक्त बाईंनी उठून त्याला भाकरीचा तुकडा घातला. पुढे त्या मशिदीत दर्शनास गेल्या तेव्हा साईबाबांनी आपण तृप्त झाल्याचे सांगितले. बाई विस्मित झाल्या. त्यावर ते कुत्रे आणि आपण वेगळे नाही, मांजर, डुक्कर, माशी, गाय अशा सर्व रूपांनी आपणच वावरतो, असे बाबांनी समजाविले. जिच्या नावाने आज हा जिल्हा ओळखला जातो, ती चौंडीची कन्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी! तिच्या करुणेत पशू, पक्षी आणि जलचर यांचाही वाटा होता, उन्हाळ्यात नांगरणीच्या बैलांना पाणी पाजण्याची आणि पाखरांना निर्भयपणे दाणे टिपावयास शेते राखण्याची व्यवस्था तिने केली होती, असे माल्कमसारख्या परकीय ब्रिटिश अधिकाऱ्यानेही नोंदवून ठेवले आहे.

या दोन्ही उदाहरणांत एक मर्म आहे. बाईंनी कुत्र्याला भाकरी दिली, पानावरून उठून तत्परतेने दिली. अहिल्यादेवींनी पाखरांसाठी आगाऊ शेत राखले. पहिली दया तत्क्षणीची, दुसरी दूरदृष्टीची. आपल्या घरांत पहिलीची वाण नाही. वाकडीच्या विहिरीने ते दाखवून दिले. वाण आहे ती दुसरीची. संकट येण्याआधी झाकण घालणारी, पुडी कुलपात ठेवणारी, फरशी दोनदा पुसणारी दया ही दिसावयास सामान्य असते, तिचा गवगवा होत नाही. पण तिच्यामुळे मांजर विहिरीत पडत नाही, आणि मग कोणालाही तिच्यामागे उतरावे लागत नाही.

आज गुढीपुढे हात जोडून झाल्यावर घरातील एकाने अंगणात, गोठ्यात आणि परसात एक फेरी मारावी. उघडा खड्डा कोठे आहे, विषाची पुडी कोठे ठेवली आहे, कणगीच्या मागे काय पडले आहे, हे डोळ्यांखालून घालावे. पायांत घोटाळणारी मनी त्या फेरीत आपल्या सोबत असेलच. संध्याकाळी गुढी उतरविताना त्या पाच जिवांचे मनोमन स्मरण करावे. आणि विहिरीवर एक झाकण पडले, तर यंदाचा कडुनिंब आपल्याला पचला असे समजावे.